घरी परतलेल्या फौजीचे मन

देवणी म्हटले की लोकांना बैल आठवतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, कामाला दणकट, स्वभावाने शांत. आमच्या भागात या बैलाने एक वेळ वैरण टाकली तरी संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळते. कोणी खूर पाहतो, कोणी जीभ पाहतो, कोणी गुरांच्या डॉक्टरला बोलावून आणतो. पण सतरा वर्षे सीमेवर राहून आलेला माणूस ताटावरून उठून जातो, रात्र रात्र ओसरीवर बसून काढतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘फौजी आहे, जरा तापटच असणार.’ आणि विषय तिथेच संपतो.

मी इथल्या शाळेत आयुष्य काढले. पहाटे उदगीरच्या रस्त्यावर धावणारी, भरतीसाठी छाती फुगवून उभी राहणारी पोरे माझ्या वर्गातली. त्यांतली काही फौजेत गेली आणि पेन्शन घेऊन परतलीसुद्धा. जवान निवृत्त होतो तो पस्तिशी-चाळिशीत. इतरांचे घर त्या वयात रांगेला लागलेले असते; याचे तेव्हा सुरू होते. पेन्शनचे अर्ज, मुलांचे दाखले यांसाठी ही मंडळी माझ्याकडे येतात. अर्ज लिहून झाला की बायको थोडी मागे रेंगाळते आणि हळू आवाजात जे सांगते, ते कोणत्याच अर्जात बसत नाही.

एकीने सांगितले, “गुरुजी, रानात डुकरं हाकलायला कोणी सुतळी बॉम्ब लावला की हे बांधाआड पडून राहतात. मग दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत.” दुसरी म्हणाली, “पोरगं झोपेतून उठवायला गेलं, तर त्याचा गळाच धरला. नंतर स्वतःच रडत बसले.” तिसरीचा नवरा एस. टी. स्टँडवर भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नाही. लग्नाला जात नाही, जत्रेला जात नाही. कॅन्टीनची बाटली मात्र वेळेवर येते. तिच्या माहेरचे म्हणतात, सोडून ये. सासरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले असेल, अंगारा आणा. तिला दोन्ही नको आहे. तिला फक्त एवढेच विचारायचे आहे, की हा माणूस असा का झाला?

किल्लारीने शिकवलेले

या प्रश्नाचे उत्तर समजायला लातूर जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सरकारी आकड्यानुसारही सुमारे आठ हजार माणसे गेली. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. माणसे कितीतरी दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हती. रस्त्याने ट्रक धडधडत गेला तरी अंगणात पळत होती. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. त्यांच्या मनावर आघात झाला आहे, हे अडाण्यालाही कळत होते. मानसोपचारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्यांनी तेव्हा भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावर या भागात काम केले आणि ‘मनालाही मार लागतो’ ही गोष्ट कागदावर आली.

ढिगारे उपसायला तेव्हा लष्कराचे जवानही आले होते. पावसात, दुर्गंधीत त्यांनी मृतदेह बाहेर काढले. आपल्याला त्यांचे कष्ट दिसले. पण ते दृश्य त्यांच्याही मनात राहिले असेल, हा विचार फारसा कोणाच्या मनाला शिवला नाही. भूकंप काही सेकंदांत संपतो. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्या, काश्मीरमध्ये गस्त घातलेल्या, १९९९ साली कारगिलच्या डोंगरावर चढलेल्या जवानाने तशी रात्र किती वेळा पाहिली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? भूकंपग्रस्ताला जी समज दाखवली, ती फौजीच्या वाट्याला का येऊ नये?

नाव बदलले, दुखणे तेच

हे दुखणे नवे नाही. कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आजी-पणजीला ठाऊक होता. युद्ध संपले, तरी एका माणसापुरते ते संपत नाही, हे लोककथेने केव्हाच ओळखले होते. वैद्यकशास्त्राला मात्र वेळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही आजारी होते, हे पुढे मान्य झाले आणि ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली. व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर, १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी या आजाराला आजचे नाव दिले : पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजेच पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर ताण म्हणता येईल.

याची लक्षणे साधारण चार प्रकारची. घडलेला प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा समोर येणे. त्याची आठवण देणारी माणसे, जागा, आवाज टाळणे. मन बधिर होणे, स्वतःला दोष देणे, ‘सोबती गेला, मीच का राहिलो’ ही टोचणी. आणि सतत सावध असणे : झोप नाही, पटकन दचकणे, क्षणात भडकणे. हे महिन्याहून अधिक टिकले आणि संसारात, कामात अडचण येऊ लागली, तर तो स्वभाव नव्हे, आजार समजावा. कधी तो काही वर्षांनीही डोके वर काढतो. फौजेत असताना दिवस बिगुलावर चालतो, चहूकडे सोबती असतात. निवृत्तीनंतर अंगावर येते ती शांतता. त्या शांततेत जुने सगळे ऐकू येऊ लागते.

इथे एक सांगितले पाहिजे. प्रत्येक फौजीला हे होते असे मुळीच नाही. बहुतेक जण उत्तम संसार करतात. शिवाय प्रत्येक लक्षण पीटीएसडीचेच असेल असेही नाही. उदासीनता, दारूचे व्यसन, डोक्याला झालेली जुनी इजा किंवा एखादा वेगळा मानसिक आजारही असू शकतो. म्हणूनच निदान डॉक्टरांनी करायचे, शेजाऱ्यांनी नव्हे.

शेप वन

मग फौजी स्वतः का बोलत नाही? एका माजी हवालदाराने मला सरळ सांगितले, “गुरुजी, शेप वन राहण्यातच आमची उमर गेली. बोललो असतो तर कॅटेगरी गेली असती.” ‘शेप’ ही लष्कराची तब्येत मोजायची पट्टी. एस, एच, ए, पी, ई ही तिची पाच अक्षरे. कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे यांच्याही आधी, पहिल्याच अक्षरात मोजले जाते ते मन. लष्कराने मनाला पहिली जागा दिली आहे. ती जागा द्यायला आपण घरात का कचरतो?

बढती अडेल, सोबती हसतील, ही नोकरीतली भीती समजू शकते. पण पेन्शन आल्यावर ती बाळगायचे कारण उरत नाही. ती उरते ती सवयीने.

घरच्यांनी काय करावे

झोपलेल्या फौजीला हात लावून उठवू नये. पायाच्या बाजूला, जरा लांब उभे राहून नावाने हाक मारावी. मुलांना हे समजावून सांगावे आणि ‘बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत, त्यांना बरे नाही’ हेही सांगावे. मूल अशा वेळी दोष स्वतःकडे घेते. दिवाळीचे फटाके, लग्नाची आतषबाजी यांची कल्पना आधी द्यावी. युद्धात काय झाले, किती मारले, असे खोदून विचारू नये. तो बोलेल तेव्हा ऐकावे. दारूने झोप येते असे वाटते, पण ती झोप मोडकी असते आणि आजार वाढवते. अंगावर हात पडत असेल, तर आजार आहे म्हणून बाईने सोसत राहावे असा याचा अर्थ नाही. स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित करावे.

उपचार आहेत. झालेला प्रसंग तज्ज्ञासमोर सावकाश, टप्प्याटप्प्याने हाताळायची पद्धत आहे. औषधेही आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नयेत. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास सैन्यदलांसाठी तिचा कक्षही उघडला. माणूस ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला, तर ते दारूतले बोलणे समजून सोडू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखालचा माणूस मानावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो.

ती तिसरी बाई पुढे नवऱ्याला घेऊन लातूरला गेली. पहिल्या वेळी तो दवाखान्याच्या फाटकातून परत फिरला. दुसऱ्या वेळी त्याच्या पलटणीतला एक जुना सोबती बरोबर गेला, तेव्हा तो आत बसला. आता गोळ्या चालू आहेत. जत्रेला तो अजूनही जात नाही; पण पोराची वही तपासतो आणि रात्री चार-पाच तास झोपतो. ती म्हणाली, “गुरुजी, मला वाटायचं माझंच काही चुकतंय. दुखण्याला नाव असतं, हे कळलं तेव्हाच अर्धं ओझं उतरलं.”

ते अर्धे ओझे उतरवणे आपल्या हातात आहे. २६ जानेवारीला आपण फौजीला शाल देतो, शाळेत भाषणाला बोलावतो. ते जरूर करावे. पण एखादा फौजी गल्लीतून खाली मान घालून जाताना दिसला, तर त्याच्या घरी जाऊन, शौर्याचा विषय न काढता, चहाच्या निमित्ताने एवढे तरी विचारावे : झोप लागते ना?