बिलातला जीएसटी दर फंक्शनमध्ये कोंडून ठेवू नका!



22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. टूथपेस्ट, केसांचं तेल 18 टक्क्यांवरून 5 वर आलं, पाकीटबंद फरसाण 12 वरून 5 वर. दुकान कापड्यात असो की महाडच्या बाजारपेठेत, दर बदललेल्या मालावर जीएसटी लावणाऱ्या प्रत्येकाला बिल बदलावं लागलं. आता बिलाच्या साच्यात 18 हा आकडा दहा जागी लिहिलेला असेल, तर एखादी जागा सुटायला कितीसा वेळ लागतो? मग गिऱ्हाईक नाराज, आणि जास्त घेतलेला कर आपल्याला ठेवताही येत नाही. तो सरकारजमाच करावा लागतो.

यावर उपाय काय?

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमधून बिलाची माहिती एक्सएमएल फाइलमध्ये काढता येते. त्या माहितीला छापील बिलाचं रूप द्यायला एक्सएसएलटी ही भाषा वापरतात. 2007 मध्ये आलेल्या तिच्या 2.0 आवृत्तीपासून आपलं स्वतःचं फंक्शन बनवता येतं. नाव मराठीतही चालतं, फक्त पुढे नेमस्पेसचा प्रिफिक्स लागतो:

दुकान:एकूण($रक्कम, $दर)

कंसातले दोन म्हणजे पॅरामीटर. आत हिशोब एकच: रक्कम + रक्कम × दर ÷ 100. दर आत लिहायचा नाही, बिलाच्या ओळीतून पाठवायचा. कारण सध्या बिलाची कोणती ओळ चालू आहे, हे फंक्शनला आपोआप कळत नाही. लागेल ते हातात द्यावं लागतं.

याचा फायदा बघा. 21 सप्टेंबरचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर 18 च येणार, 22 च्या बिलावर 5. साच्याला हात लावायची गरज नाही.

दोन ठिकाणी सांभाळा

1. क्रम. फंक्शनला पॅरामीटर नावाने नाही, क्रमाने जातात. 1000 रुपये आणि 5 टक्के दिले तर उत्तर 1050. उलटे दिले तर 55! दोन्ही आकडेच असल्यामुळे कॉम्प्युटर चूक दाखवत नाही. म्हणून सगळ्या फंक्शनमध्ये एकच क्रम ठेवा: आधी रक्कम, मग दर.

2. डिफॉल्ट किंमत. जुन्या 1.0 आवृत्तीत फंक्शनऐवजी नावाचं टेम्प्लेट वापरतात. त्याला पॅरामीटर नावाने जातात आणि डिफॉल्टही ठेवता येतो. डिफॉल्ट 18 ठेवला आणि पाठवताना नाव चुकलं, तर 1.0 गुपचूप 18 लावून मोकळं होतं. 2.0 मध्ये पॅरामीटर ‘आवश्यक’ करता येतो. दर दिला नाही तर सरळ एरर येते. गिऱ्हाइकासमोर चुकीचं बिल जाण्यापेक्षा एरर परवडली.

आजचं काम: आपल्या साच्यात 5, 12, 18 हे आकडे शोधा. जिथे दर थेट लिहिलेला सापडेल, तिथे पॅरामीटर करा. मग 1000 रुपयांचं एक बिल जुन्या तारखेचं आणि एक नव्या तारखेचं काढून बघा. 1180 आणि 1050 आलं, की समजा साचा तयार. पुढच्या वेळी दर बदलले तरी दुकान बंद ठेवून बिल दुरुस्त करत बसावं लागणार नाही.