रक्त ‘पातळ’ करणारी सुई आणि कागदावरची भाषा

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांच्या पाट्या, शाळांचे माध्यम, सात-बाराचे उतारे आणि न्यायालयातला दावा एवढेच विषय डोळ्यांसमोर येतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या विषयांवर इतके लिहिले गेले आहे की वाचकांना ते पाठ झाले असतील. भाषेच्या अभावी माणसाच्या मांडीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ही गोष्ट मात्र आम्हालाही गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हती.

खानापूर तालुक्यातील आमच्या मावशी, वय वर्षे अडुसष्ट, पावसाळ्यात अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. बेळगावच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. सहाव्या दिवशी घरी सोडताना सुनेच्या हाती एक कागद आणि औषधाने आधीच भरलेल्या छोट्या सिरिंजांची खोकी देण्यात आली. कागदावरचा मजकूर इंग्रजीत, वरचे छापील मथळे कन्नडमध्ये. तोंडी सांगितले गेले ते मराठीतच, कारण बेळगावातल्या बहुतेक डॉक्टरांना मराठी येते आणि ते आनंदाने बोलतात, ही गोष्ट कबूल केलीच पाहिजे. वाक्य एवढेच होते : ‘‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन आहे, रोज एक पोटात द्यायचं, पस्तीस दिवस.’’

मावशींनी चार दिवस सुई घेतली. पाचव्या दिवशी पोटावर रुपयाएवढे दोन काळेनिळे डाग दिसले आणि त्यांनी सुनेचा हात धरला. ‘‘माझं रक्त आधीच पाण्यागत झालंय, आणि पातळ करून काय करणार हायसा? बघ, फुटून भायेर यायलंय.’’ सून शिकलेली, पण कागद वाचून तिला तरी काय कळणार? सुया कपाटात गेल्या. मावशींना रक्त ‘दाट’ व्हावे म्हणून बीट, गूळ आणि खजूर सुरू झाला. आठवड्याभरात डावा पाय मांडीपर्यंत सुजला, पोटरी तापली, दुखू लागली. पुन्हा बेळगाव, पायाची सोनोग्राफी, आणि निदान : मांडीच्या खोल शिरेत गुठळी. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली नाही हे नशीब. गेली असती तर हा लेख निराळ्या मथळ्याखाली लिहावा लागला असता.

दोष कुणा एका माणसाचा आहे असे आम्हाला वाटत नाही. दोष ‘पातळ’ या शब्दाचा आहे, आणि तो शब्द सोडून दुसरे काही सांगण्याची सोय नसलेल्या कागदाचा आहे.

मराठीत पातळ म्हणजे ज्यात पाणी जास्त झाले ते. आमटी पातळ होते, ताक पातळ होते. पातळ झाले म्हणजे सत्त्व गेले, कस गेला. साठी ओलांडलेल्या बाईला ‘तुमचे रक्त पातळ करतो’ असे सांगणे म्हणजे ‘तुम्हाला अशक्त करतो’ असे सांगण्यासारखेच आहे. आणि गंमत अशी की हे औषध रक्त मुळी पातळ करतच नाही! रक्ताचा दाटपणा होता तेवढाच राहतो, तांबड्या पेशी कमी होत नाहीत, पाणी वाढत नाही. हिमोग्लोबिनशी या सुईचा संबंध नाही, त्यामुळे बीट-खजुराने तिचे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. इंग्रजीतही बोलीभाषेत हाच चुकीचा शब्द रूढ आहे, तिथून तो आपल्या दवाखान्यांत उतरला.

खरी हकिकत अशी. रक्तात गुठळी तयार करणारी काही द्रव्ये असतात आणि ती एकामागून एक जागी होतात. जखम झाली की हीच द्रव्ये आपल्याला वाचवतात. त्यांना आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिनही रक्तातच असते, पण त्याचे काम संथ. हेपारिन या औषधाचा रेणू त्या प्रथिनाला चिकटला की त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो आणि गुठळीची साखळी मध्येच तुटते. म्हणजे हे औषध पहारेकऱ्याला जागे ठेवते. झालेली गुठळी ते विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही, आणि जुनी गुठळी शरीर आपल्या पद्धतीने हळूहळू जिरवते. म्हणूनच सुज उतरली म्हणून सुई थांबवणे चुकीचे ठरते.

आता याला आपल्याकडे शब्द नाही काय? चांगले दोन आहेत. रक्त ‘साकळणे’ हा शब्द आमच्या आज्या सर्रास वापरत. ठेच लागली, रक्त साकळले. ‘गुठळी’ तर स्वयंपाकघरातलाच शब्द आहे, पिठल्यात होते ती. डॉक्टरमंडळी कधीकधी ‘गाठ’ म्हणतात, ते मात्र टाळलेले बरे, कारण गाठ म्हटले की घरात कर्करोगाच्या शंकेने रडारड सुरू होते. परिभाषेच्या पुस्तकांत ‘क्लथन’ असा संस्कृत वळणाचा शब्द आहे, तो शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेल, पण खानापूरच्या मावशींना तो इंग्रजीहून परका. ‘रक्त साकळू नये म्हणून द्यायची सुई’ एवढे म्हटले असते तर कपाटाचे दार उघडले नसते.

हे मावशींना शेवटी समजावले कुणी? दुसऱ्या वेळी वॉर्डात असलेल्या, धारवाडकडच्या, मराठी जेमतेम बोलणाऱ्या एका कन्नड सिस्टरनी. मावशी म्हणाल्या, ‘‘बाई, पातळ करू नका.’’ सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अज्जी, हालिगे हेप्पु हाक्तारल्ल?’’ दुधाला विरजण लावतात ना, ते हेप्पु. कन्नडमध्ये रक्त साकळण्याला ‘हेप्पुगट्टु’ म्हणतात, म्हणजे विरजण धरणे. पायात विरजण धरलेय, ते पसरू नये म्हणून ही सुई. बाजाराची कन्नड येणाऱ्या मावशींना हे तत्काळ पटले. कन्नडचा हेप्पु आणि औषधाचे हेपारिन यांचा संबंध मात्र नुसता योगायोगाचा आहे. हेपारिन हे नाव यकृताच्या ग्रीक शब्दावरून आले.

ती कथाही थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त साकळवणारे द्रव्य शोधत होता. कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात त्याला नेमके उलटे, साकळणे रोखणारे द्रव्य सापडले. १९१८ साली हॉवेल आणि हॉल्ट यांनी या प्रकारच्या द्रव्याला हेपारिन हे नाव दिले. माणसाला टोचण्याजोगे शुद्ध हेपारिन १९३० च्या दशकात टोरांटोला तयार झाले. त्या कामात इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट पुढे होते. आणि शस्त्रक्रियेआधीच थोडे थोडे हेपारिन त्वचेखाली देऊन गुठळी टाळता येते, हे ठामपणे दाखवून दिले लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांच्या नेतृत्वाखालील पाहणीने. १९७५ साली ती प्रसिद्ध झाली. ४१२१ रुग्णांपैकी हेपारिन न दिलेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ मृत्यू झाले, दिलेल्या गटात २. आज मावशींना मिळते ती सुई त्या पाहणीची नात म्हणायला हरकत नाही.

मावशींची सुई म्हणजे हेपारिनचे लहान तुकडे करून बनवलेले एनॉक्सापारिन. साध्या हेपारिनची बाटली असते, ते बहुधा इस्पितळात शिरेतून देतात आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. एनॉक्सापारिनचा परिणाम अधिक भरवशाचा आणि जास्त वेळ टिकणारा, म्हणून ते घरी देता येते. अमेरिकेत त्याला १९९३ साली मान्यता मिळाली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. कोविडच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत इस्पितळात दाखल झालेल्या असंख्य रुग्णांना याच जातीच्या सुया टोचल्या गेल्या.

ज्यांना शाकाहाराचा वा धर्माचा प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कुणी सांगत नाही. हेपारिन आणि त्यापासूनचे एनॉक्सापारिन बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. फॉन्डापारिनक्स नावाचे पूर्णपणे रासायनिक रीतीने बनवलेले औषधही मिळते, ते चालेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण विचारायला आधी ठाऊक असले पाहिजे, आणि ठाऊक व्हायला आपल्या भाषेत लिहिलेले असले पाहिजे.

आकड्यांचा घोळ तर भाषेहून वाईट. खोक्यावर ४० मिलिग्रॅम, सिरिंजवर ०.४ मिलिलिटर, आणि कुठे ४००० युनिट. तिन्ही एकच. सुनेला वाटले तीन वेगळी औषधे आहेत. गुठळी होऊ नये म्हणून ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा हे सर्वसाधारण प्रमाण. गुठळी झाल्यावर मात्र वजनाप्रमाणे, किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. मावशींचे वजन ५८ किलो, तेव्हा ६० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. मूत्रपिंड अधू असेल तर प्रमाण घटवावे लागते, म्हणून तो आजार असल्यास डॉक्टरांना न विसरता सांगावे.

दुसऱ्यांदा घरी येताना आम्ही सिस्टरांना समोर बसवून शाळेच्या वहीच्या पानावर मराठीत लिहून घेतले. ते पान वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचा सारांश देतो. सुई बेंबीपासून निदान दोन इंच दूर, पोटाच्या बाजूला द्यावी, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. हात साबणाने धुवावेत, रुग्णाला आडवे करावे. कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ उभी, पूर्ण आत घालावी आणि औषध संपेपर्यंत चिमूट सोडू नये. भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो, तो काढायला जाऊ नये, त्याबरोबर औषधही वाया जाते. (सुनेने पहिले चार दिवस नेमके हेच केले होते, सलाईनमध्ये हवा जाऊ देत नाहीत हे पाहिलेले!) नंतर ती जागा चोळू नये. चोळल्याने डाग वाढतात. छोटे काळेनिळे डाग पडतातच, ते रक्त ‘फुटल्याची’ खूण नव्हे. सिरिंजा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे.

पानाच्या मागच्या बाजूला भीतीच्या खुणा. शौच काळी डांबरासारखी होणे, लघवीतून वा हिरड्यांतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार लागणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी : लगेच इस्पितळ. पाय सुजणे, धाप लागणे, छातीत कळ येणे हेही तसेच, कारण त्या गुठळीच्या खुणा असू शकतात. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, त्यांतल्या पुष्कळशा रक्तस्राव वाढवतात. दात काढायचा असेल तर आधी सांगावे. क्वचित या औषधानेच रक्तातील प्लेटलेट घटतात, म्हणून सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नये. आणि वॉरफरिन किंवा तत्सम जुनी गोळी सुरू झाली म्हणून सुई आपल्या मनाने बंद करू नये. त्या गोळीचा गुण यायला निदान पाच दिवस लागतात, तोवर दोन्ही लागतात.

हे एवढे सगळे एका पानात बसले. इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशी तिन्ही पाने छापायला इस्पितळाला किती खर्च येईल? भाषक अल्पसंख्याकांसाठीच्या हमीनुसार जिथे त्यांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात असे ठरलेले आहे. खासगी इस्पितळाला ते बंधन नाही, हे आम्ही जाणतो. पण चंदगड-गडहिंग्लजचे रुग्ण बेळगावला येतात आणि आमचे मिरजेला जातात, तेव्हा कुठल्या राज्याचा कागद कुणाला लागेल याचा नेम नसतो. मिरजेहून मराठी कागद घेऊन बैलहोंगलला परतणाऱ्या कन्नड शेतकऱ्याची अडचण आमच्या मावशींहून निराळी नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटकातून आक्षेप आले, दोन्हीकडे पत्रके निघाली. त्या पत्रकांत रुग्णाच्या हातातल्या कागदाच्या भाषेविषयी एक ओळ आमच्या वाचनात आली नाही.

मावशी आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. सुया संपल्या, गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा त्याच सिस्टर भेटल्या आणि त्यांनी वहीचे ते पान झेरॉक्ससाठी मागून घेतले. परत देताना त्याखाली त्यांनी आपल्या अक्षरात कन्नड मजकूर लिहिला होता आणि ‘पातळ’ हा शब्द, जो आम्हीच सवयीने एका ओळीत लिहून ठेवला होता, तो खोडून वर ‘साकळू नये’ असे मराठीत लिहिले होते.