इन्व्हर्टेज: गव्हाणीत नको, बाटलीत हवे
माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला. तेव्हापासून माळशिरस तालुक्यात तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडावा म्हणून धावपळ चालते. कारण इन्व्हर्टेज. शिळ्या उसात हे विकर साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज करते, उतारा घसरतो.

हेच विकर यीस्टमधून मुद्दाम काढतात. १८६०मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी यीस्टच्या अर्कात अल्कोहोल ओतून त्याचा साका मिळवला. आजही पेशी फोडायच्या, अर्क गाळायचा, अल्कोहोल किंवा अमोनियम सल्फेटने साका पाडायचा, मग रेझिनच्या स्तंभातून उतरवायचे, शक्यतो थंडाव्यातच. पायरीगणिक शुद्धता वाढते, माल घटतो. संशोधनाला हे सोवळे परवडते. चॉकलेटच्या पोटातले सारणही हेच विकर पातळ करते; त्याला मात्र इतकी शुद्धता कशाला?