हेडर फाइल : काय सांगावे, काय झाकावे

मोठा प्रोग्रॅम सहसा एकाच लांबलचक मजकुरात लिहीत नाहीत. तो अनेक फाइलींत विभागलेला असतो, आणि मनुष्याने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा सी भाषेचा कंपायलर यांतील प्रत्येक फाइल, इतरांकडे ढुंकूनही न पाहता, स्वतंत्रपणे हाताळतो. साहजिकच एका फाइलीतून दुसरीतले फंक्शन वापरावयाचे असेल, तर त्याचे नाव, त्याला द्यावयाची मूल्ये आणि त्याजकडून परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार, एवढा तपशील कंपायलरला आगाऊ विदित करावा लागतो. हा तपशील जीत नोंदतात ती हेडर फाइल. 'इन्क्लूड' असा हुकूम दिला की तिचा सर्व मजकूर त्या जागी जसाच्या तसा उतरवला जातो. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत ही सोय १९७२-७३ च्या सुमारास आली.

ही नोंद वगळल्यास काय होई याचा दाखला जुन्या सी भाषेतच सापडतो. अपरिचित फंक्शन पूर्णांकच परत करील असे तेव्हाचा कंपायलर गृहीत धरी. त्यामुळे गणिताची हेडर फाइल न घेता कोणी वर्गमूळ काढू गेल्यास अपूर्णांकातले उत्तर पूर्णांक म्हणून वाचले जाऊन भलतीच संख्या हाती पडे. १९९९ च्या प्रमाणकाने हे गृहीतक रद्द केले, ते योग्यच झाले.

परंतु अनेकांनी वापरावयाच्या फंक्शनांचा संग्रह, म्हणजे लायब्ररी, रचणाऱ्याला काय सांगावे याहून काय सांगू नये याचाच विवेक अधिक करावा लागतो. कारण हेडरमध्ये जे एकदा जाहीर झाले, ते करारनाम्यातील कलमाप्रमाणे परत घेणे दुरापास्त होते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस या कार्यप्रणालीची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. उघडलेल्या प्रत्येक फाइलीची माहिती ज्या रचनेत ठेवली जाई, तिची आतली मांडणी ३२ बिटी आवृत्तीच्या हेडरमध्ये उघडपणे दिलेली होती, आणि फाइलीचा क्रमांक ठेवण्यास तीत एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच संख्यांपुरती जागा, राखलेली होती. पुढे एकेका प्रोग्रॅमला शेकडो फाइली व जोडण्या एकाच वेळी उघडाव्या लागू लागल्या, तरी ती जागा रुंदावता येईना. कारण त्या हेडरवर विसंबून पूर्वीच तयार झालेल्या प्रोग्रॅमांत कोणता घटक कितव्या बाइटवर आहे हा हिशेब कायमचा कोरला गेलेला होता, आणि मांडणी किंचित हलविताच ते सर्व भलत्याच जागचे वाचू लागले असते. ६४ बिटी आवृत्तीत रचनेचे अंतरंग झाकले गेले आणि तेथे ही मर्यादा उरली नाही. ३२ बिटी प्रोग्रॅमांसाठी मात्र कालांतराने आडवळणाची तजवीज करावी लागली.

याउलट डी. रिचर्ड हिप यांच्या एसक्यूलाइट या डेटाबेस-लायब्ररीच्या हेडरमध्ये उघडलेल्या डेटाबेसच्या रचनेचे केवळ नाव आहे. आत काय आहे याविषयी चकार शब्द नाही. वापरणाऱ्याला त्या रचनेचा पत्ता तेवढा मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक कामाच्या वेळी तो जसाच्या तसा लायब्ररीच्या हवाली करावयाचा असतो. जाहीर झालेल्या एखाद्या फंक्शनात सुधारणा हवीशी वाटली, तेव्हा जुन्याला धक्का न लावता 'व्ही-टू' हे शेपूट जोडलेले नवे फंक्शन त्याच्या शेजारी उभे करण्यात आले. ही नावे ओबडधोबड दिसतात खरी. पण २०५० पर्यंत लायब्ररी सांभाळण्याचा ज्यांचा जाहीर मनोदय आहे, त्यांनी डौलापेक्षा दिल्या वचनाला अधिक मान द्यावा यात मला तरी काही वावगे वाटत नाही. प्रत्येक फंक्शनचे सविस्तर वर्णनही त्याच हेडरमध्ये त्याच्यालगत लिहिलेले असते, ही आणखी एक अनुकरणीय गोष्ट.

सी भाषेत लायब्ररीगणिक नावांचा स्वतंत्र इलाखा नसतो, म्हणून एसक्यूलाइटची सारी नावे तिच्या स्वतःच्या नावानेच सुरू होतात. विंडोजच्या मुख्य हेडरने हा संयम पाळला नाही. 'मिन' व 'मॅक्स' ही अतिसामान्य नावे त्याने मॅक्रोंना, म्हणजे कंपायलरच्याही आधी सरसकट होणाऱ्या शब्दबदलांना, देऊन टाकली, आणि सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीतील त्याच नावांच्या फंक्शनांची वाट मोकळी करण्यासाठी 'नोमिनमॅक्स' अशी निराळी खूण करावी लागते.

एकच हेडर दोन वाटांनी दोनदा आत येऊ नये म्हणून 'इफएनडेफ'चा, म्हणजे 'अमुक खूण अजून झालेली नसेल तरच पुढचा मजकूर घ्या' या अटीचा, पहारा बसविणे आता सर्वमान्य आहे. बेल प्रयोगशाळेतीलच रॉब पाइक यांनी १९८९ मध्ये, हेडरने दुसऱ्या हेडरला आत घेऊच नये, असा कडक पक्ष मांडला होता. पहारा असला तरी फाइल पुन्हा वाचावी लागतेच, हा त्यांचा आक्षेप त्या काळी रास्तही होता. पण पुढे कंपायलर असा पहारा ओळखून ती फाइल पुन्हा न उघडण्याइतके चतुर झाले, आणि आता वापरणाऱ्यावर कोणते हेडर कोणाआधी घ्यावे हा क्रम पाठ करण्याचा भार टाकण्यापेक्षा प्रत्येक हेडर स्वयंपूर्ण असावे हेच मला अधिक न्याय्य वाटते. ते तसे आहे की नाही हे पाहण्याची युक्तीही सोपी आहे: लायब्ररीच्या स्वतःच्या फाइलीत, इतर काहीही घेण्यापूर्वी, पहिल्याच ओळीत आपले हेडर घ्यावे, त्यात काही उणे असेल तर कंपायलरची तक्रार वापरणाऱ्याकडे न जाता कर्त्याच्याच मेजावर येते.