खेळ पाहण्याची किंमत

मलकापुरांतील एखादा शाळकरी मुलगा वडिलांपाशीं हट्ट धरतो कीं, फुटबॉलचा मोठा सामना एकदां तरी मैदानावर बसून पाहावयाचा. मागणी साधी असते. वडील कागद-पेन्सील घेऊन हिशेबास बसतात. पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरींत २०१४ पासून पुणे सिटी या व्यावसायिक संघाचे सामने होत असत. पण तो संघ २०१९ सालीं मोडला व त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. तेव्हां आतां मुंबईच गांठली पाहिजे. मुंबई सिटी हा संघ २०१६ पासून अंधेरीच्या मैदानावर खेळत आला. मलकापुराहून मुंबई सुमारें तीनशें किलोमीटर. सामने बहुधा रात्रीं संपतात, म्हणजे मुक्काम आलाच. चौघांचें जाणें-येणें, राहणें, जेवणखाण आणि सर्वांच्या शेवटीं तिकिटें, असा कागद भरत जातो, आणि पुष्कळदां बेत कागदावरच राहतो. मुलगा दूरचित्रवाणीपुढें जाऊन बसतो.

हा प्रसंग वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. खेळ मैदानावर जाऊन पाहणें ही गोष्ट जगांत सर्वत्र महाग कां होत चालली आहे, ही महागाई अटळ आहे काय, आणि तिच्यामुळें नुकसान नेमकें कोणाचें होतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

सामान्य समजूत अशी कीं, वस्तु तयार करण्यास जो खर्च येतो त्यावरून तिची किंमत ठरते. भाकरीला किंवा कापडाला हा नियम बव्हंशीं लागू पडतो. सामन्याच्या तिकिटाला तो लागू पडत नाहीं. मैदानावर वीस हजार माणसें बसलीं काय किंवा एकवीस हजार बसलीं काय, खेळाडूंचे पगार, दिव्यांचा खर्च, पंचांचा मेहनताना हीं सर्व जवळजवळ तेवढींच राहतात. मग किंमत कशावरून ठरते? जागा किती आणि मागणारे किती, यावरून. जागा मोजक्या असतात. सामना एकदांच होतो. तो धान्यासारखा कोठारांत सांठवून ठेवतां येत नाहीं. शिवाय या व्यापारांतील गिऱ्हाईकही निराळें आहे. साबण महागला तर गृहिणी दुसरा साबण घेते. परंतु तिकीट महागलें म्हणून कोणी आपला संघ सोडून प्रतिस्पर्ध्याचा होत नाहीं. लहानपणापासून जडलेली ही निष्ठा प्रेक्षकाला शोभा देते, आणि तीच त्याला विक्रेत्याच्या हातीं सांपडवून देते.

या खेळाचा व्यापार प्रथम इंग्लंडांत उभा राहिला, म्हणून त्याची कथाही तेथूनच पाहावी लागते. १८८८ सालीं बारा संघांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. शनिवारीं दुपारीं कारखाना सुटला कीं मजूर तसाच मैदानाकडे वळे. दोन वर्षांनीं प्रवेशमूल्य सहा पेन्सांपेक्षां कमी नसावें असें ठरलें. बहुसंख्य लोक उतरत्या पायऱ्यांवर उभे राहून सामना पाहत. खेळाडूंच्या पगारालाही मर्यादा होती. १९६१ सालीं ती उठली तेव्हां ती आठवड्यास अवघी २० पौंड होती. पगार मर्यादित, उभें राहण्याची जागा विपुल, आणि प्रेक्षक कष्टकरी, अशा तिन्ही गोष्टींमुळें तिकिटाचा दर आंवाक्यांत राहिला.

या व्यवस्थेचा शेवट एका भीषण दुर्घटनेनें झाला. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर, उभ्या प्रेक्षकांच्या कोंडलेल्या विभागांत चेंगराचेंगरी होऊन माणसें दगावलीं. मृतांचा अंतिम आंकडा ९७ आहे. न्यायमूर्ति टेलर यांच्या १९९० च्या अहवालानें मोठ्या मैदानांवर प्रत्येकास बसावयास आसन असावें अशी शिफारस केली. सुरक्षिततेच्या दृष्टीनें हेतु स्तुत्य होता. आसनें आलीं तरी गरिबांस परवडणारे दर ठेवतां येतील, असेंही टेलर यांनीं म्हटलें होतें. ग्लासगो येथील मैदानावर सहा पौंडांत आसन मिळतें, हा दाखला त्यांनीं दिला. परंतु अहवालाचा पहिला भाग अंमलांत आला आणि दुसरा विसरला गेला. आसनांमुळें मैदानांत मावणारी माणसें कमी झालीं, बांधकामाचा खर्च वाढला, आणि १९९२ सालीं बड्या संघांनीं वेगळी प्रीमियर लीग काढली तेव्हां खेळाकडे दूरचित्रवाणीचा पैसा वाहूं लागला. त्या पैशानें खेळाडूंचे पगार वाढले. पगार वाढले म्हणून आणखी पैसा हवा झाला. तिकिटाचा दर मग जुन्या प्रेक्षकाच्या खिशावरून ठरेना. नव्या प्रेक्षकाच्या ऐपतीवरून ठरूं लागला.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. प्रीमियर लीगनें २०२५ ते २०२९ या चार हंगामांकरितां केवळ ब्रिटनमधील प्रक्षेपणाचे हक्क ६७० कोटि पौंडांस विकले. आपल्याकडे क्रिकेटच्या आय. पी. एल. चे २०२३ ते २०२७ या पांच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटि रुपयांस गेले. एवढें उत्पन्न घरबसल्या येत असतां दारावरच्या तिकिटाची पूर्वीइतकी निकड उरूं नये. तें स्वस्त व्हावें हेंच तर्काला धरून होईल. पण होतें उलट. कारण तिकिटाची किंमत गरजेवरून ठरत नसून किती मिळूं शकेल यावरून ठरते.

आणि तरीही प्रेक्षकांवांचून खेळ अपुरा राहतो, हें सर्व जगानें एकदां पाहिलें आहे. २०२० सालीं महामारीमुळें मैदानें प्रेक्षकांस बंद झालीं. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सारा हंगाम गोव्यांत रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. मुंबई सिटीनें त्याच हंगामांत फातोर्ड्याच्या मैदानावर प्रथम विजेतेपद मिळविलें. पण तें पाहावयास तेथें मुंबईकर प्रेक्षक नव्हता. परदेशांतील प्रक्षेपणांत तर प्रेक्षकांच्या गजराचा मुद्रित आवाज मिसळावा लागला. यावरून एक गोष्ट उघड होते. मैदानावरील प्रेक्षक केवळ खेळ विकत घेत नाहीं. घरीं बसलेल्यांस जो खेळ विकला जातो त्याचा एक भाग तो स्वतः तयार करतो. जो माल तयार करण्यास हातभार लावतो त्यालाच प्रवेशासाठीं अधिकाधिक दाम मोजावयास लावणें, हा या व्यवहारांतील खरा अन्याय होय.

हा अन्याय प्रेक्षकांनीं मुकाट्यानें सोसला असें नाहीं. लिव्हरपूलच्या चालकांनीं ७७ पौंडांचें तिकीट काढण्याचें योजिलें, तेव्हां फेब्रुवारी २०१६ मध्यें एका सामन्याच्या ७७ व्या मिनिटास हजारों प्रेक्षक उठून मैदानाबाहेर निघून गेले. कांहीं दिवसांतच चालकांनीं माफी मागून ती योजना मागें घेतली. त्याच वर्षापासून, पाहुण्या संघाबरोबर येणाऱ्या प्रेक्षकास ३० पौंडांहून अधिक आकार पडूं नये असा नियम प्रीमियर लीगनें केला. २०२६ च्या जागतिक स्पर्धेच्या वेळीं मागणी पाहून दर वरखालीं करण्याची पद्धति अवलंबिली गेली. अंतिम सामन्याचें, निष्ठावंत प्रेक्षकांसाठीं राखलेलें स्वस्तांतलें स्वस्त तिकीटही चार हजार डॉलरांवर गेलें. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्यें थोडीं तिकिटें ६० डॉलरांस देण्याचें जाहीर करण्यांत आलें. म्हणजे दर उतरूं शकतो. तो उतरविण्याची इच्छा मात्र बहुधा बाहेरून उत्पन्न करावी लागते.

जर्मनीनें वेगळा मार्ग धरला. तेथें १९९८ पासूनचा नियम असा कीं, संघ कंपनीच्या हातीं गेला तरी, कांहीं अपवाद वगळतां, मतांचें बहुमत मूळ मंडळाच्या सभासदांपाशींच राहिलें पाहिजे. ज्याला तिकीट घ्यावयाचें आहे त्यालाच दर ठरविणाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार मिळाला. म्हणून तेथें उभ्या जागा टिकल्या. डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूस सुमारें पंचवीस हजार माणसें उभें राहून सामना पाहतात. इंग्लंडांतही २०२२ पासून सुरक्षित कठडे घालून कांहीं उभ्या जागांस परवानगी मिळाली आहे. सुरक्षितता आणि स्वस्ताई या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी नाहींत, हें यावरून दिसतें.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईस कूपरेजच्या मैदानाशीं ज्या रोव्हर्स चषकाचें नांव जोडलें गेलें, ती स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली आणि शंभराहून अधिक वर्षें चालली. तिकिटावर कर बसविण्याची प्रथाही आपल्याकडे नवी नव्हे. मुंबई इलाख्यांत करमणूक-कराचा कायदा १९२३ सालींच झाला. १ जुलै २०१७ पासून त्या जागीं वस्तु व सेवा कर आला. आजची व्यवस्था अशी कीं, मान्यताप्राप्त क्रीडासामन्यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटास कर माफ आहे व त्यावरील तिकिटास १८ टक्के कर पडतो, परंतु आय. पी. एल. सारख्या सामन्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. हजार रुपयांचें तिकीट पूर्वी करासह १,२८० रुपयांस पडे, तें आतां १,४०० रुपयांस पडतें. चौघांच्या कुटुंबास केवळ करापोटीं १,६०० रुपये द्यावे लागतात, म्हणजे एका तिकिटाच्या मूळ किंमतीहून अधिक. सरकारच्या दृष्टीनें ही चैन आहे. श्रीमंताच्या खास कक्षापुरतें तें खरेंही असेल. पण वर्षांतून एकदां मुलाला सामना दाखविणाऱ्या कारकुनाच्या बाबतींत त्याला चैन म्हणणें कठीण आहे.

भारतांत फुटबॉलचें तिकीट क्रिकेटच्या मानानें स्वस्त असतें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पण लहान गांवच्या कुटुंबाला तिकिटाच्या कागदावर छापलेला आंकडा ही खरी किंमत नव्हे. संघ महानगरांत एकवटले. बालेवाडीसारखें मधलें ठिकाण गेलें. त्याबरोबर मलकापूर, कराड, सांगली येथील प्रेक्षकाचें अंतर पुष्कळ वाढलें. प्रवास आणि मुक्काम हेंच त्याचें मोठें तिकीट होय, आणि त्यावर कोणत्याही संघानें सवलत दिलेली नसते.

या भागाला खेळाचा दुसरा एक व्यवहार चांगला ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठीं लोकांनीं वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कोल्हापुरांत आजही फुटबॉल खेळतात ते पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा पेठापेठांच्या तालमींचे संघ. तेथें प्रेक्षक हा वर्गणीदार आहे. वर्गणीदार आणि गिऱ्हाईक, दोघेही पैसेच देतात. पण वर्गणीदाराला 'आमचा संघ' असें म्हणण्याचा अधिकार असतो, आणि गिऱ्हाइकाला केवळ पावती मिळते. तिकिटाच्या महागाईनें जें हरवत आहे तें हेंच नातें होय.

उपाय अगदींच दुर्घट नाहींत. मलकापूरनें चोवीस तास पाण्याची योजना केली तेव्हां नळास मीटर बसविले आणि दराचे टप्पे पाडले. गरजेपुरतें पाणी स्वस्त, अधिक वापरील त्याला चढता दर. खेळाच्या मैदानालाही हें तत्त्व लागू करतां येईल. खास कक्ष आणि मोक्याच्या जागा हव्या तितक्या महाग असोत. पण प्रत्येक सामन्याच्या कांहीं ठराविक जागा विद्यार्थ्यांसाठीं व लहान उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं अल्प दरानें राखाव्या, आणि त्यांचा दर मागणीप्रमाणें वाढूं देऊं नये. करमाफीची मर्यादा सर्व सामन्यांस सारखी असावी, म्हणजे स्वस्त तिकीट ठेवणाऱ्यास प्रोत्साहन मिळेल. हंगामांतील एक-दोन सामने महानगराबाहेर, जिल्ह्याच्या चांगल्या मैदानावर भरवावे. यांत संघांचाही तोटा नाहीं. आज जो मुलगा मैदानावर आला नाहीं, तो उद्यां मोठा झाल्यावर येईलच असा भरंवसा कोणीं द्यावा? निष्ठा ही लहानपणींच जडते.

२२ जानेवारी १९२७ रोजीं बी. बी. सी. नें फुटबॉलच्या सामन्याचें पहिलें धावतें वर्णन ध्वनिक्षेपित केलें, तेव्हांपासून दूरच्या माणसालाही खेळाचा आनंद मिळूं लागला. तो उपकार लहान नव्हे. परंतु आवाज ऐकणें, चित्र पाहणें आणि हजारों माणसांच्या श्वासाबरोबर आपलाही श्वास क्षणभर थांबणें, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टी आतां घरोघर पोंचल्या. तिसरी केवळ ऐपतीच्या माणसांकरितां उरावी काय, एवढाच हा प्रश्न आहे; आणि मलकापुरांतील त्या वडिलांच्या अर्धवट राहिलेल्या हिशेबांत त्याचें उत्तर अजून लिहावयाचें आहे.