छायाचित्रे कापण्याचे यंत्र : निवड व पारख

ओळखपत्रे, भित्तिपत्रके व समारंभांच्या नोंदी यांकरिता शाळेस छायाचित्रे वरचेवर लागतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळाच घ्यावा. लाकडी नंदी घेऊन निघालेल्या बालकांची चित्रे फलकावर लावावयाची, तर त्यांच्या कडा सरळ व काटकोनात हव्यात. कात्रीने लांब कड सरळ येत नाही, आणि कापला गेलेला चेहरा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून या कामी कापण्याचे यंत्र घेणे इष्ट. मात्र ते निवडताना कडेच्याही आधी मुलांच्या बोटांचा विचार व्हावा.

अशी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्यात मूठ धरून लांब पाते वरून खाली दाबावयाचे असते. जाड पुठ्ठ्यास ते सोयीचे. परंतु पाते उघडे असते आणि कापताना ते कागदास बाजूला ढकलते. गुळगुळीत छायाचित्र त्यामुळे सहज सरकते. दुसऱ्यात झाकणात बसविलेले लहान गोल पाते दांड्यावरून सरकते व दाबपट्टी कागद धरून ठेवते. एका वेळी थोडेच कागद कापले जातात, पण बोट पात्यापर्यंत सहसा पोचत नाही. छायाचित्रांसाठी शाळेने हेच घ्यावे.

ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असते. म्हणून १२ इंच कापणारे यंत्र पुरते. ४ × ६ इंचांच्या एका कागदावर ३५ × ४५ मिलिमीटरची ८ छायाचित्रे बसतात.

खरेदीपूर्वी काटकोन तपासावा. कोरा कागद यंत्राच्या आडव्या पट्टीस टेकवून मधोमध कापावा. उजवा तुकडा, पुस्तकाचे पान मिटावे तसा, डाव्या तुकड्यावर उलटवावा. पट्टीस टेकलेल्या कडा जुळविल्या असता कापलेल्या कडाही जुळल्या पाहिजेत. त्या फाकल्या तर यंत्र घेऊ नये. दिसणारी तफावत मूळ चुकीच्या दुप्पट असते.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हातांच्या कामास शिक्षणात स्थान दिले. त्यानुसार मापे घेणे व रेषा आखणे मुलांकडे सोपवावे. पाते मात्र शिक्षकांनीच चालवावे आणि काम संपताच यंत्र कपाटात कुलपाआड ठेवावे.