गुलाबाचं कोणतं झाड ठेवायचं, कोणतं उपटायचं?

पाऊस उघडला की ऑक्टोबर छाटणीची घाई सुरू होते. मजूर ठरतात, कात्र्यांना धार लागते आणि अख्खा प्लॉट एका कडेने छाटून निघतो. त्यात चांगलं झाडही छाटलं जातं आणि वर्षभर फुकट खाणारं झाडही. मग दोघांना सारखंच खत, सारखंच पाणी. शेतकरी बंधूंनो, यंदा छाटणीच्या आधी झाडांची हजेरी घ्या.

आधी हिशेब बघा. ३ बाय २ फुटांवर लागण असेल तर १० गुंठ्यांत सुमारे १,८०० झाडं बसतात. त्यातली ३०० झाडं नुसती उभी असतील तर दीड गुंठ्याहून जास्त जमीन तुम्ही पोसताय, पण ती तुम्हाला पोसत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की हा आकडा चांगलाच टोचतो.

हजेरीची पद्धत सोपी आहे. गणपती बसल्यापासून दसऱ्यापर्यंत आठवड्याला एक फेरी मारा. ज्या झाडावर फूल नाही, कळी नाही आणि नवा कोंबही नाही, त्याला जुन्या साडीची एक चिंधी बांधा. फूल नसेल पण लाल कोवळी फूट जोरात असेल तर बांधू नका, ते झाड पुढच्या बहराच्या तयारीत आहे. शेवटी ज्याच्या अंगावर तीन-चार चिंध्या दिसतील ते संशयित. आणि एक सांगतो, रोज पहाटे फुलं तोडणाऱ्या बाईला आधी विचारा. कोणत्या ओळीत हात रिकामा जातो हे मालकापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

पण चिंधी दिसली की लगेच कुदळ घालायची असं नाही. झाड का रुसलंय ते बुंध्याशी बसून बघा.

सगळ्यात जास्त फसवतं ते हिरवंगार झाड. उंच वाढलेलं, पानांनी भरलेलं, शेतकरी कौतुकाने दाखवतो, “साहेब, वाढ बघा.” फूल मात्र नाही. बुंध्याची माती हाताने उकरा. डोळा भरलेल्या जागी गाठीसारखा फुगवटा असतो. फुटवे त्या फुगवट्याच्या खालून आले असतील तर ती तुमच्या ग्लॅडिएटरची वाढ नव्हे, खुंटाची आहे. सात पानांची फांदी म्हणजे रानटी असं सर्रास म्हणतात. ती खूण नेहमी खरी नसते, चांगल्या जातींनाही कधी सात पानं येतात. फांदी कुठून निघाली तेवढंच बघा. फुगवट्याच्या वर एक तरी जातिवंत काडी जिवंत असेल तर खालचे फुटवे मुळापाशी धरून ओरबाडून काढा. कात्रीने कापलेत तर एकाचे चार होतात. वरचं सगळं वाळलं असेल तरी खुंट निरोगी असल्यास एक पेन्सिलीएवढी जाड फूट राखून ठेवा आणि थंडीत तिच्यावर नवा डोळा भरून घ्या. मुळं तयारच असतात, त्यामुळे नव्या कलमापेक्षा ते लवकर उठतं. गावात डोळे भरणारा माणूस नसेल तर मात्र हा नाद सोडा.

पानं पिवळी पडलेलं झाड सहसा काढायचं नसतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसतं. १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम हिराकस या प्रमाणात संध्याकाळच्या वेळी फवारा, शेणखत वाढवा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय.

जुन्या काड्यांवर तांबूस-राखाडी पापुद्रे धरले असतील तर ती खवले कीड आहे. नखाने खरवडलं की निघते. अशा काड्या छाटणीत काढून जाळा, उरलेला बुंधा गोणपाटाने घासा. झाड राहू द्या.

शेंड्याकडून काळी पडत येणारी फांदी थोडी थोडी खाली कापत चला. आतला गर पांढरा दिसला की तिथेच थांबा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, एवढंच साहित्य. फुगवट्यापर्यंत गेलं तरी गर तपकिरीच, तर तिथे औषधाचा पैसा घालू नका, झाड काढा.

आणि एका बाबतीत दयामाया नको. बुंध्याला किंवा मुळाला खडबडीत, बुरशीच्या दगडासारख्या गाठी दिसल्या की तो जिवाणूंचा गाठ रोग. यावर खात्रीचं औषध नाही. झाड मुळांसकट उपटून जाळा, बांधावर टाकू नका. त्या झाडाला लावलेली कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

काही वेळा दोष झाडाचा नसतोच. ओळीच्या उतरत्या टोकाची २०-२५ झाडं एकदम मरगळलेली असतील तर एक उपटून मुळं हुंगा. काळी आणि कुबट वासाची असतील तर तिथे पाणी साचतं. आधी चर काढा, नाहीतर नवी कलमंही तीच वाट धरतील. ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या आवारातल्या गुलाबांची कहाणी बहुधा सावलीची असते. वड, लिंब वाढत जातात आणि गुलाब खाली अंधारात सापडतो. सहा तास ऊन नसेल तर खत घालून उपयोग नाही. थंडीत झाड छाटून, मातीच्या गड्ड्यासह उचलून उन्हात न्या.

पहिल्या वर्षाच्या झाडाचा निवाडा करू नका, त्याला वेळ द्या. म्हाताऱ्या झाडाला एकदा कडक छाटणी देऊन बघा. तीन-चार चांगल्या काड्या ठेवून बाकी काढा. दीड-दोन महिन्यांत जोमाची फूट आली नाही तर त्याचं आयुष्य झालं.

नांगी किती भरायची? माझं मत असं, की पाव हिश्श्यापर्यंत झाडं गेली असतील तर नांगी भरा. जुन्या प्लॉटमध्ये एक तृतीयांश गेली असतील तर अख्खा प्लॉट मोडलेला परवडतो. मोठ्या झाडांच्या मधे एकटंदुकटं लावलेलं कलम सावलीत कुजतं आणि दोन वर्षांनी पुन्हा त्यालाच चिंधी बांधायची वेळ येते.

काढलेल्या जागी लगेच गुलाब लावू नका. जिथे वर्षानुवर्षं गुलाब होता ती माती नव्या गुलाबाला मानवत नाही. प्लॉट मोडला असेल तर तिथे एक हंगाम झेंडू घ्या. पैसेही होतात आणि सूत्रकृमीही कमी होतात. नांगीच भरायची असेल तर दीड फूट खड्डा घेऊन आतली माती बाहेर काढा, दुसऱ्या शेतातली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. कच्च्या खतातून हुमणी येते. कलम आणताना रोपवाटिकेत पिशवी थोडी फाडून मुळं बघून घ्या, आणि लावताना डोळ्याचा फुगवटा मातीच्या वर चार बोटं राहील असं लावा.